उजवीकडचे पाहुणे

आमच्याकडे कुणाचं ऑपरेशन झालं की पाहुणे येतात. सगळ्यांकडेच येतात म्हणा. पण माझ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर आत्यानं त्या पाहुण्यांना ज्या शिस्तीत बसवलं, ती शिस्त आमच्या शाळेच्या प्रार्थनेलाही नसते, आणि तिथे पीटीचे सर रांगांमधून फिरत असतात.

आत्या म्हणजे सुभद्राबाई, पप्पांची मोठी बहीण. मम्मी भोसरीला पॅकिंगच्या युनिटमध्ये आहे, तिची सुट्टी माझ्या ऍडमिट होण्यातच संपली. पप्पांची चाकणला शिफ्ट. म्हणून मला सांभाळायला आत्या औशाहून आली. आमच्या आकुर्डीच्या दोन खोल्यांत शिरल्या शिरल्या तिनं पिशवी खाली ठेवायच्याही आधी माझा उजवा डोळा पाहिला. तो लालभडक होता. "अगं माय," एवढंच म्हणाली, आणि तेव्हाच तिनं घराचा ताबा घेतला.

त्या डोळ्याची गोष्ट अशी. लहानपणी तो नाकाकडे वळलेला होता. मी पहिलीत असताना त्याचं पहिलं ऑपरेशन झालं आणि डोळा समोर आला, सरळ झाला, सगळे खूश. पण आतल्या बाजूची जखम भरताना तिथे व्रण जाड झाला आणि स्नायू डोळ्याच्या गोळ्याला चिकटून बसला. म्हणजे डोळा दिसायला सरळ, पण उजवीकडे जाईना. नाकाच्या बाजूनं कुणी दोरी धरून ठेवल्यासारखा. मग उजवीकडचं काहीही बघायचं तर मी अख्खी मान वळवायची, नाहीतर एकाचे दोन दिसायचे. बाकावर उजवीकडे बसलेल्या मुलीशी बोलायचं तरी मान, रस्ता ओलांडायचा तरी मान. वर्गातली मुलं मला सीसीटीव्ही म्हणायची. बारका मोटरचा आवाज काढायची, मी वळले की घुर्रर्र. मी आधी रडायचे, मग गप्प बसायला लागले, आणि नववीत आल्यावर एक दिवस मीच पप्पांना म्हणाले, मला डॉक्टरकडे न्या. कुणी सुचवलं नव्हतं. माझं मला वाटलं.

पिंपरीच्या हॉस्पिटलात डॉक्टर मंजुषा होत्या. त्यांनी सगळं तपासून सांगितलं, "चिकटलेलं सोडवायला मला फार वेळ लागणार नाही. सोडवलेलं परत चिकटू द्यायचं नाही, हे खरं काम."

"परत का चिकटेल?" मी विचारलं.

"जखम भरताना शरीर शेजारच्या गोष्टी एकमेकींना जोडून टाकतं. त्याला वाटतं आपण दुरुस्ती करतोय. तुझं शरीर जरा जास्तच उत्साही आहे."

हे मला एकदम पटलं. त्या पुढे म्हणाल्या की कमीत कमी रक्त येऊ देत, हलक्या हातानं काम करायचं, आणि स्नायू न् डोळा यांच्यामध्ये एक पातळ पडदा ठेवायचा. बाळ पोटात ज्या पिशवीत असतं, त्या पिशवीचा पडदा. बाळंतपणानंतर कुणीतरी आईनं दान केलेला, तपासून, स्वच्छ करून जपलेला. तो मध्ये राहिला की दोन जखमा एकमेकींना लगेच हात लावत नाहीत, आणि काही दिवसांनी तो आपोआप विरघळून जातो.

पप्पा चाकणला वेल्डिंगच्या लाइनवर फिक्सचर बसवतात. म्हणजे लोखंडाचे तुकडे वेल्डिंगच्या वेळी जागचे हलू नयेत म्हणून त्यांना धरून ठेवणारे साचे. त्यांना लगेच समजलं. "मॅडम, आमच्याकडं वेल्डिंगच्या आधी फिक्सचरवर स्प्रे मारतात, शिंतोडे चिकटू नयेत म्हणून. तसंच ना?"

"अगदी तसं नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण चालेल."

आत्याला मात्र हे आल्यावर कळलं. पप्पांनी हौसेनं सांगितलं आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ज्योतीराम, आपल्यात वार जमिनीत पुरतात. तुमी पोरीच्या डोळ्यात पुरली व्हय?"

"वार नाही अक्का. वारेवरचा पडदा."

"कुणाची कोण बाई, तिचा पडदा." मग माझ्याकडे बघून ती जरा नरमली. "चांगलीच असंल म्हणा. न्हाईतर कोण देतंय."

आता खरी गंमत इथून. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं होतं की थेंब वेळेवर घालायचे, डोळा चोळायचा नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि डोळा सगळीकडे फिरवत राहायचं, उजवीकडे तर मुद्दाम. जखम भरेल ती हलत्या डोळ्यानं भरू दे, असं त्यांचं वाक्य होतं. मी तेव्हा भुलीच्या गुंगीत होते. मम्मीनं सगळं ऐकलं, आणि आत्याला थेंबांचं अगदी नीट समजावलं, कुठली बाटली आधी, कुठली नंतर, मध्ये किती थांबायचं. फिरवण्याचं सांगायचं राहिलं. तिला वाटलं, डोळा काय, फिरतोच की आपोआप.

आत्याचं स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. तेव्हा तिला वाकू नको, ओझं उचलू नको, असं बजावलं होतं, आणि तिच्या शेजारच्या खाटेवरची बाई घरी जाऊन चुलीपुढं वाकली न् डोळा गमावून बसली, असं ती सांगायची. त्यामुळे डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे हलायचं नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं. तिनं माझी कॉट ओढून बरोबर टीव्हीसमोर लावली. पाण्याचा तांब्या, रिमोट, चिवडा, सगळं नाकासमोर. आणि पाहुणे? पाहुण्यांसाठी तिनं कॉटसमोर सतरंजी टाकली, अगदी टीव्हीखाली.

"बाजूनं कुणी बोलायचं न्हाई," ती दारातच सांगायची. "पोरीचा डोळा वळंल. टाके कच्चे हायत."

लोक ऐकायचे. आत्याचं न ऐकणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. खालच्या मजल्यावरच्या चिमाबाई शहाळं घेऊन आल्या आणि सवयीनं माझ्या उजवीकडच्या स्टुलावर बसायला गेल्या, तर आत्यानं त्यांना दोन्ही खांद्यांना धरून उचलल्यासारखं पुढं आणलं. सगळे समोर मांडी घालून बसलेले, मी वर कॉटवर, आणि प्रत्येक जण माझ्याकडे वर बघून विचारतोय, कसं वाटतंय. मस्त वाटत होतं. मी कुठेही वळत नव्हते, जग वळून माझ्यासमोर येत होतं.

पहिल्या तपासणीला पप्पांनी सुट्टी टाकली आणि आत्याही हट्टानं आली. डॉक्टरांनी माझा डावा डोळा झाकायला लावला आणि पेन हातात धरलं. डावीकडे नेलं, डोळा गेला. वर, खाली, ठीक. मग उजवीकडे.

"मान नाही, डोळा," त्या म्हणाल्या.

"मी डोळाच नेतेय."

"नाही नेत. मान नेतेस." त्यांनी माझी हनुवटी धरली. "आता ने."

मी नेला. म्हणजे मला वाटलं मी नेला. पेन दिसेनासं झालं आणि नाकाच्या बाजूला काहीतरी ओढलं गेलं.  डॉक्टरांनी सुन्न करणारे थेंब घातले, थोडं थांबल्या, आणि कापसाच्या ओल्या काडीनं डोळा अगदी हळू बाजूला ढकलून पाहिला. पप्पा भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचल्यासारखं करत होते.

"जातोय," डॉक्टर म्हणाल्या. "थोडा अडतोय, पण जातोय. ऑपरेशन टेबलावर सहज जात होता, तेवढा नाही. नवा व्रण धरायला लागलाय, पण तो कोवळा आहे. वर्षाली, तू दिवसभर करतेस तरी काय?"

उत्तर आत्यानं दिलं. मोठ्या अभिमानानं. कॉट कशी लावली, टीव्ही कुठे, पाहुणे कसे समोर बसवते, चिमाबाईंना कसं धरून आणलं. डॉक्टरांनी तिला शेवटपर्यंत बोलू दिलं.

मग म्हणाल्या, "आत्या, तुम्ही फार मनापासून काळजी घेतलीत. फक्त हा डोळा मोतीबिंदूचा नाही. याला बसवून ठेवलं तर हा बसूनच राहील." आणि माझ्याकडे वळून, "पुढच्या तपासणीपर्यंत तुला हा उजवीकडे न्यायचाय. दुखलं नाही पाहिजे, ओढल्यासारखं वाटलं तर चालेल. आता नाही नेलास, तर व्रण कोवळा राहणार नाही. तिसऱ्यांदा उघडायचं म्हणजे व्रणावर व्रण. मी तेव्हा काही कबूल करू शकणार नाही."

 घरी आल्यावर आत्यानं दोरीवरचं आपलं लुगडं काढलं, घडी घातली आणि पिशवीत ठेवलं.

"काय करलालीस गं आत्या?" मी तिच्याच बोलीत विचारलं. एरवी ती यावर हसते.

"जाते मी. मम्मीला म्हणावं चार दिस बिनपगारी घे. माझ्या हातनं पोरीचं वाटोळं नगं."

"आणि पाहुण्यांना कोण बसवणार?"

"कशाला बसवायचे आता पाहुणे?"

"उजवीकडे बसवायचे," मी म्हणाले.

मी हे ठरवून म्हणाले नव्हते. तोंडातून निघालं आणि मग मलाच ते इतकं बरोबर वाटलं की मी उठून कॉट ओढायला लागले. आत्या धावली, मला बाजूला केलं आणि बडबडत बडबडत स्वतःच कॉट फिरवली. लुगडं पिशवीतच राहिलं, पण ती राहिली.

एक अडचण होती. माझी मान चोरटी आहे. इतकी वर्षं डोळ्याचं काम तिनं केलं, आता ती सोडायला तयार नव्हती. त्याच संध्याकाळी माझी मैत्रीण दिव्या गणिताची वही द्यायला आली. आत्यानं तिला उजवीकडच्या स्टुलावर बसवलं. मी बघितलं तिच्याकडे.

"घुर्रर्र," दिव्या म्हणाली. तिला परवानगी आहे.

"वळली?"

"पूर्ण. तुला कळत पण नाही का?"

खरंच कळत नव्हतं. पप्पांनी मागून दोन्ही हातांनी डोकं धरून पाहिलं, ते जमलं, पण पप्पा कायम घरी थोडेच असतात. मी त्यांना विचारलं, "तुमच्याकडे लोखंडाचा तुकडा हलू नये म्हणून काय करता?"

"क्लॅम्प लावतो. चांगला आवळून."

"क्लॅम्प नको. हलला तर कळलं पाहिजे असं काहीतरी."

पप्पा जेवता जेवता थांबले.  दुसऱ्या दिवशी शिफ्टवरून येताना त्यांनी त्यांची जुनी पिवळी टोपी आणली, कंपनीतली, कडक. तिच्यावर त्यांनी एक छोटी टॉर्च केबल-टायनं घट्ट बांधली होती. समोरच्या भिंतीवर किराणावाल्याचं कॅलेंडर आहे. टोपी घालून मी सरळ बसले की टॉर्चचा गोल उजेड बरोबर त्या कॅलेंडरवर पडायचा. मान जराशी वळली की उजेड कॅलेंडर सोडून भिंतीवर पळायचा. चोर तिथल्या तिथे पकडला.

"उजेडावर कोण लक्ष ठेवणार?" पप्पांनी विचारलं.

आत्या आधीच भिंतीजवळ जाऊन बसली होती.

मग आमच्याकडे पाहुणे येत राहिले ते वेगळ्याच थाटात. चिमाबाई यावेळी शहाण्यासारख्या सरळ समोरच्या सतरंजीकडे निघाल्या, तर आत्या म्हणाली, "तिकडं न्हाई. हिकडं, उजवीकडं."

"अहो, परवा तर समोर बसवलंत."

"परवाचा कायदा बदलला."

"आणि हे काय, हिच्या डोक्यावर?"

"तुमी बसा आन् बोला. तिच्याशी बोला. पोरी, उजेड."

मी डावा डोळा झाकून उजेड कॅलेंडरवर धरायचे आणि उजवा डोळा चिमाबाईंकडे न्यायचे. आधी त्यांचा गुडघा दिसायचा. मग पदर. चेहरा काही दिसायचा नाही. नाकाच्या बाजूला रबर ताणल्यासारखं व्हायचं, डोळ्यातून पाणी यायचं. पाणी दिसलं की आत्याचा चेहरा पडायचा. "राहू दे गं थोडं," ती म्हणायची, आणि मी म्हणायचे, "दुखत नाहीये आत्या, ओढतंय फक्त." मग ती परत उजेडाकडे बघायची. औषध घालताना थेंब एकही बाहेर पडू दिला नाही तिनं.

तरी काही दिवस असे गेले की डोळा पदराच्या पुढे जाईना. रोज तिथपर्यंत आणि तिथेच. मी आरशापुढे केलं, टोपी घालून केलं, दिव्याला उजवीकडे उभं करून पाढे म्हणायला लावले. पदर म्हणजे पदर. मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा. कोवळं आता पक्कं होत असेल का, असं मनात आलं. मी ते कुणाला बोलले नाही, पण त्या दिवशी टोपी काढून मी कॉटवर पालथी पडले, तर आत्यानं टोपी उचलून परत माझ्या डोक्यावर ठेवली.

"ऊठ. आज दोन बायका बोलावल्यात."

"कोण?"

"चिमाबाई. आन् वरची सावित्रीबाई."

मी उठून बसले. चिमाबाई आणि वरच्या मजल्यावरच्या सावित्रीबाई एकमेकींशी बोलत नाहीत. सावित्रीबाई ओले कपडे वरून वाळत घालतात आणि ते सगळं पाणी चिमाबाईंच्या पापडांवर पडतं, हे भांडण अख्ख्या बिल्डिंगला पाठ आहे. आत्यानं दोघींना वेगवेगळं सांगितलं होतं की पोरगी आठवण काढतेय. दोघी आल्या. दोघींना तिनं उजवीकडे बसवलं, स्टुलावर एक, खुर्चीवर एक, पण चहा ठेवायला आत गेली नाही. भिंतीशी बसली.

थोडा वेळ दोघी माझ्याशीच बोलल्या. मग आत्या हळूच म्हणाली, "काय हो सावित्रीबाई, तुमच्याकडं नवं वॉशिंग मशीन घेतलं म्हणं. आता तरी कपडे पिळून निघत असतील."

चिमाबाई म्हणाल्या, "मशीनला बिचाऱ्याला काय माहीत खाली पापड आहेत ते."

सावित्रीबाई म्हणाल्या, "पापड आमच्या गॅलरीच्या बरोबर खालीच घालायचे, हे पंचांगात काढलंय का?"

"गॅलरी तुमची, आकाश पण तुमचंच का?"

आणि मग जे सुरू झालं. सगळं माझ्या उजव्या कानाच्या बाजूला. मला सावित्रीबाईंचा आवाज ऐकू येतोय, चिमाबाईंच्या बांगड्या वाजतायत, कुणीतरी उठून उभं राहिलंय, आणि मला दिसतंय काय, तर किराणावाल्याचं कॅलेंडर. अहो, कुणाला राहवेल? मान वळायला निघाली.

"उजेड," आत्या गुरकावली.

"आत्या, मला बघायचंय."

"भांडण बघायचं तर डोळ्यानं बघ."

मी मान धरली. दातांनी धरावी तशी धरली. आणि डोळा ओढला. पदर दिसला. ओढला. चिमाबाईंचं मनगट दिसलं, हवेत. अजून ओढला. नाकाशी ते रबर ताणलं, ताणलं, आणि मग जरासं सैल झाल्यासारखं वाटलं, आणि चिमाबाईंची हनुवटी आली, नाक आलं, आणि त्यांचा चेहरा. त्या तर हसत होत्या. भांडता भांडता दोघीही हसू दाबत होत्या, आणि मी नुसतं ऐकत बसले असते तर ते मला कधी कळलंच नसतं.

आत्या भिंतीशी बसून माझ्या डोळ्याकडे बघत होती.  तिनं फक्त एक बोट वर केलं, आणि ते बोट माझ्या उजवीकडे जरा पुढे सरकवलं. अजून.

त्यानंतर बिल्डिंगमधल्या बायकांना आमच्याकडे भांडायला यायची सवयच लागली. पप्पा शिफ्टवरून आले की दारातच विचारायचे, आज कोण कोण. सुनेचं झालं, पार्किंगचं झालं, भिशीचं झालं. डोळा रोज थोडा पुढे जायचा. एखाद्या दिवशी जायचा नाही, मग दुसऱ्या दिवशी जायचा. डोळ्याचा लालपणा गेला तेव्हा मम्मी म्हणाली आता थेंब बंद करूया का, तर आत्या तिच्यावर अशी काही घसरली की मम्मीनं बाटली तिच्या हातात देऊन टाकली.

पुढच्या तपासणीला आत्या हॉस्पिटलात बाकाच्या कडेवर बसली होती. पप्पा यावेळी तक्ता वाचत नव्हते, माझ्याकडेच बघत होते. डॉक्टर मंजुषांनी पेन धरलं. डावीकडे, वर, खाली. मग उजवीकडे. मी त्यांना हनुवटी धरू दिली नाही. "राहू द्या मॅडम," मी म्हणाले, "ती आता हलत नाही."

पेन गेलं. मी त्याच्यामागे गेले. पेन खिडकीवर आलं, पडद्याच्या कडेवर आलं, आणि तिथे ते मला पुसट झालं.

डॉक्टरांनी पेन खाली केलं. परत एकदा नेलं. मग थेंब, मग ओली काडी. 

"मोकळा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "अगदी शेवटचा कोपरा कदाचित राहील. बाकी सगळं मोकळं आहे. कुठेही धरलेलं नाही."

"कोपरा राहू दे," मी म्हणाले. "कोपऱ्यासाठी मान आहे."

त्या हसल्या. आत्यानं थेंबांचं विचारलं, कसे कमी करायचे, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं तिनं दोनदा म्हणून दाखवलं. व्रण अजून मुरायचाय, तेव्हा फिरवणं चालू ठेवायचं, हेही तिनं म्हणून दाखवलं. पप्पांनी डॉक्टरांना नमस्कार केला, मग चुकून तिथल्या सिस्टरलाही केला.

येताना रिक्षात मी मधे बसले. डावीकडे पप्पा, उजवीकडे आत्या. रस्त्यावर कंपन्या सुटायची वेळ, सगळीकडे बसच बस, रिक्षा जागची हलत नव्हती. मी समोर रिक्षावाल्याच्या पाठीकडे तोंड करून होते. मान सरळ. आणि नुसता डोळा उजवीकडे नेला.

आत्या बाहेर बघत होती. पदराच्या टोकानं ती एकदा एक डोळा पुसत होती, एकदा दुसरा, आणि ओठ मिटून घेतले होते. तिला वाटत होतं मी समोर बघतेय. इतकी वर्षं मी कुणाकडे वळले की त्या माणसाला आधी कळायचं, आणि तो चेहरा नीट करून घ्यायचा. उजवीकडे असं कुणाच्या नकळत बघणं मला माहीतच नव्हतं. मी बराच वेळ बघत राहिले.

"आत्या," मी म्हणाले, "डाव्या गालावर अजून राहिलंय."

ती दचकली. माझ्याकडे बघितलं, माझी मान तपासली. मान सरळ होती.

"समोर बघ मेल्ये," ती म्हणाली, आणि डावा गाल पुसला.